आईकडे उरलेल्या म्हणी

शेणव्याच्या बाजूला एका शाळेत मी लिपिक आहे. अक्षर बरं आहे, एवढ्या एका गुन्ह्यासाठी कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम बावीस वर्षं माझ्या गळ्यात होतं. सकाळी आल्या आल्या हजेरीवर सही करायच्या आधी मी खडू हातात घ्यायचो. कॅलेंडरांच्या मागची वाक्यं पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपली. मग मी आईच्या म्हणी लिहायला लागलो. त्या संपत नव्हत्या. माणसानं कसं वागावं हे मी इतकी वर्षं पोरांना सांगत आलो, आणि स्वतः कसा वागलो ते आता लिहितो आहे.

माघापासून तो फळा कोरा आहे. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, मी म्हटलं खडू संपलेत. त्यांनी खडूचा डबा मागवून दिला. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. मुलांना तर फरकच पडला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटण्याऐवजी हायसं वाटलं.

आमचं गाव किन्हवलीपासून पायी अर्ध्या तासावर. भाताची जमीन थोडी, माणसं त्याहून थोडी. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा आणि बहीण दोन वर्षांची. चुलत्यांनी ओढ्याकाठची चांगली खाचरं आपल्याकडे घेतली आणि वरकस तेवढी आमच्याकडे ठेवली. त्या दिवशी आई पडवीत बसून म्हणाली, "पदरी पडलं पवित्र झालं." एवढंच. भांडली नाही, रडलेली मी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन वरकसावर गेली आणि त्या खडकाळ तुकड्यावर नाचणी काढून तिनं आम्हाला वाढवलं. म्हणजे ही म्हण तिनं आधी स्वतःवर चालवून पाहिली होती आणि ती चालली होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला आई दुष्ट वाटेल. ती दुष्ट नव्हती.

ती बोलायचीच म्हणींत. भाव खाणारा पुढारी गावात आला की "उथळ पाण्याला खळखळाट फार". माझ्या परीक्षेत गणित राहिलं, मी पेपर अवघड होता म्हणालो, तर "नाचता येईना अंगण वाकडं". लग्न होऊन आलेल्या माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी जास्तीचं मीठ पाण्यानं लपवायला बघितलं, तेव्हा "कोंबडं झाकलं म्हून तांबडं फुटायचं ऱ्हात नाय गो". बायको आजही ते हसत सांगते. गावातल्या बाया भांडण घेऊन आमच्या पडवीत यायच्या, आई तांदूळ निवडता निवडता ऐकायची आणि शेवटी एक म्हण द्यायची. ती घेऊन बाया उठायच्या. त्यांचं समाधान व्हायचं की त्यांना पुढे बोलायला जागाच उरायची नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

बहिणीचं लग्न मुरबाडच्या पलीकडच्या एका गावात झालं. माणसं आमच्यासारखीच, भातशेतीची, फक्त शेती जास्त आणि हात कमी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, आषाढात, ऐन लावणीत, ती एकटीच एसटीनं घरी आली. दुपारची वेळ होती. मी नोकरीला लागल्यावर आम्ही दोन खाचरं घेतली होती, तिथूनच आम्हीही नुकतेच जेवायला आलो होतो. तिच्या हातात एक नायलॉनची पिशवी, आणि पायाला पोटऱ्यांपर्यंत चिखल. वाळून पांढरा झालेला. सासरच्या खाचरातनं ती तशीच निघून आली होती.

तिनं पिशवी ठेवली आणि म्हणाली, "आये, मी आता जायाची नाय."

आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं.

"लावणी टाकून आलीस?"

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे बाई कुठल्याही दिवशी रुसून माहेरी येईल, चार दिवस राहील, कुणी तरी समजूत घालायला येईल, हे चालतं. लावणीत चालत नाही. आवण, म्हणजे भाताची रोपं, उपटून मुठी बांधून ठेवल्या की त्या वाट बघत नाहीत. रोप जून झालं की फुटवा धरत नाही आणि वर्षाचं भात जातं. लावणी टाकून आलेली बाई म्हणजे घराच्या ताटात माती टाकून आलेली बाई. नवऱ्यानं हात उचलला असेल, सासूनं उपाशी ठेवलं असेल, ते सगळं नंतर. आधी लावणी. आईच्या डोक्यात तेवढंच आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तेवढंच आलं. का आलीस, हे त्या दुपारी आम्हा दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. माझ्या बायकोनं तिला पाणी दिलं, पाय धुवायला सांगितलं, आणि ती काही विचारणार तोवर आईनं तिला चुलीकडे पाठवलं.

बहीण त्या दिवशी जेवली नाही. आमच्याबरोबर खाचरात मात्र उतरली. संध्याकाळपर्यंत न बोलता लावणी केली तिनं. मध्ये दोनदा बांधावर जाऊन बसली, तेव्हा आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सवय सुटली वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, वर एक पोलक्याचं कापड. बहीण पाटावर बसून राहिली, पदर पुढे करेना. आईनं तिचा पदर स्वतःच्या हातानं ओढून घेतला, त्यात तांदूळ घातले आणि म्हणाली, "पदरी पडलं पवित्र झालं, पोरी."

मी मोटरसायकल काढली. सरळगावच्या पुढे पाऊस लागला म्हणून एका टपरीच्या छपराखाली थांबलो. ओटीतला नारळ पोटाशी धरून ती उभी होती. म्हणाली, "दादा, तुला काय वाटतं?" मला काय वाटतं हे मला त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. तयार होतं ते दिलं. म्हटलं, "आई म्हणते ते खोटं नाय. घरोघरी मातीच्या चुली." तिनं मान हलवली. पाऊस थांबल्यावर मी तिला तिच्या सासरच्या बांधावर उतरवलं. तिची सासू खाचरातनंच ओरडली, "आली का?" आणि बहीण ओटी बांधावर ठेवून साडी खोचून तशीच चिखलात उतरली. मी परत फिरलो. आमचीही लावणी राहिली होती.

गणपतीत कळलं. आमच्याच गावची एक लेक त्या गावात दिलेली आहे, ती सणाला आली होती. तिनं माझ्या बायकोला सांगितलं की बहिणीला तेव्हा तिसरा महिना होता. अंगावर जात होतं, तरी सासरच्यांनी वाकून लावणी करायला लावली, म्हणून ती पळून आली होती. आम्ही परत पोचवल्यावर चौथ्या दिवशी सगळं संपलं. दवाखान्यात उशिरा नेलं. पुन्हा दिवस जायचे नाहीत असं डॉक्टर म्हणाला.

बायकोनं हे आईला सांगितलं तेव्हा आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी दारात होतो. मी वाट पाहिली. ती काहीतरी म्हणेल, म्हण तरी म्हणेल, असं वाटलं. ती पाखडत राहिली. सुपात पाखडण्यासारखं काही उरलं नाही तरी पाखडत राहिली. त्या दिवसापासून ती एक म्हण तिच्या तोंडून गेली. बाकीच्या सगळ्या होत्या, तीच नव्हती. एकदा कुणाच्या हळदीला एका म्हातारीनं नवरीला ती ऐकवली तर आई जेवणाच्या पंगतीतून उठून घरी चालत आली.

बहीण त्यानंतर माहेरी आली नाही. संक्रांतीला नाही, होळीला नाही, आमच्या धाकट्या मुलाच्या बारशाला नाही. मी दर भाऊबीजेला तिच्याकडे जायचो. ती ओवाळायची, खाली बघून. जेवायला वाढायची. आईनं पाठवलेले तांदळाचे पापड, साडी, जे असेल ते "ठेव तिथं" म्हणायची. आई कशी आहे, हे तिनं नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही. घरी आलो की आई विचारायची, "काय बोलली?" मी म्हणायचो, "बरी आहे." एकदा मी निघताना आईनं गाडीचं हँडल धरलं. "तिला सांग," म्हणाली, आणि थांबली. मी थांबलो. ती किती वेळ तरी ओठ हलवत होती. मग म्हणाली, "जा, उशीर होतोय." तयार वाक्यांवर आयुष्य काढलेल्या बाईला स्वतःचं एक वाक्य जुळवता आलं नाही. मला राग आला होता तेव्हा. आता नुसती कीव येते, तिची आणि माझी.

गेल्या आश्विनात, हळवं भात कापणीला आलं असताना, आईला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी नर्स सुई टोचायला आली तेव्हा आई स्वच्छ म्हणाली, "दुष्काळात तेरावा महिना." अख्खा वॉर्ड हसला. मीही हसलो. वाटलं, सुटलो.

मग नर्सनं विचारलं, "आजी, पाणी पाहिजे का?"

"नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणाली.

पुन्हा हसू झालं, पण मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. तिला कळलं होतं आपण काय बोललो ते. ते तिला बोलायचं नव्हतं. तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा तेच बाहेर आलं, आणि तिनं डाव्या हातानं तोंड झाकून घेतलं.

बोलायला शिकवणारी एक तरुण बाई तिथं होती. तिनं मला समजावलं की पाठ झालेलं बोलणं मेंदूत वेगळ्या जागी असतं. देवाची नावं, अंक, शिव्या, म्हणी. ते राहिलंय. नवं वाक्य जुळवायची जागा गेलीय. मला म्हणावंसं वाटलं, बाई, ती जागा आमच्या घरात कुणी वापरलीच नव्हती. पण ती भली बाई होती. तिनं एक उपाय सांगितला: एकच शब्द घ्या, तोडून तोडून म्हणा, आणि प्रत्येक तुकड्याला तिच्या चांगल्या हातानं खाटेवर थाप मारायला लावा. तालावर शब्द येतो कधी कधी. आधी पाणी, जेवण, असे रोजचे शब्द घ्या, म्हणाली.

भाऊबीजेला मी बहिणीला आईचं सांगितलं. तिनं ऐकलं, ताटातलं निरांजन सरळ केलं आणि मला ओवाळलं.

घरी आल्यावर मी शब्द ठरवला. पाणी नाही आणि जेवण नाही. चुकलं.

रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी पडवीत आईच्या खाटेवर बसायचो. तिचा डावा हात हातात धरायचो आणि थाप द्यायचो. चु, क, लं. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून जाणार होतो. कशासाठी चाललंय हे तिला बरोबर कळलं होतं. पण तिनं हात काढून घेतला नाही. चु, क, लं. ती म्हणायची, "अति तिथं माती." चु, क, लं. "शितावरून भाताची परीक्षा." कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. बायको म्हणायची, तिला साधं पाणी मागता येईना आणि तुमचं हे काय चाललंय. आई तहानलेली असेल तर बायकोच ओळखायची, ते काम मी तिच्यावरच टाकलं होतं.

पौषातल्या एका सकाळी आई म्हणाली, "चुकलं."

मी पुन्हा थाप दिली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तर तिनं माझा हात सोडून स्वतः थाप मारली आणि म्हणाली. तिच्या तोंडावर घाम आला होता. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं असं बोलणं होतं की जे आधी कुणी बोलून ठेवलेलं नव्हतं. मी अंगणात जाऊन बहिणीला फोन लावला. म्हटलं, "एकदा ये. आईला तुझ्याशी बोलायचंय. तिला आता बोलता येतंय."

तिनं तिकडे कुणाला तरी चुलीवरचं बघायला सांगितलं. मग ती म्हणाली, "परवा येते."

ती आली तेव्हा दुपार होती. मी रजा टाकली होती. तिनं चपला अंगणात काढल्या, हातपाय धुतले आणि पडवीत येऊन आईच्या खाटेजवळ खाली बसली. नऊ वर्षांनी. केस पांढरे झालेत तिचे, माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे ती. आईनं डावा हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं, बांगड्यांसकट, घट्ट. बायको चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

"बोल, आये," बहीण म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. मी तो आवाज लग्नाच्या आधी ऐकला होता, नंतर नाही.

आईचे ओठ हलायला लागले. मध्ये बोलू नका, थांबा, असं त्या शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं होतं, म्हणून मी थांबलो. मनातल्या मनात मी थापा देत होतो. आईच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. घामानं कपाळ भरलं. तिनं सगळं बळ लावलं आणि खणखणीत, सात गावांना ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात ती म्हणाली, "पदरी पडलं पवित्र झालं."

नऊ वर्षं तिनं जी म्हण तोंडाबाहेर येऊ दिली नव्हती, ती. मला वाटतं दाबून ठेवलेली असल्यामुळे तीच सगळ्यात वर होती.

आईनं जोरजोरात मान हलवली. नाही, नाही अशी. पुन्हा तोंड उघडलं. "पदरी पडलं पवित्र झालं." तिच्या एकाच डोळ्यातनं पाणी यायला लागलं, दुसरा तिचं ऐकत नाही. मग तिनं बहिणीचं मनगट सोडलं आणि खाटेच्या लाकडावर हात आपटायला लागली. तीन थापा. थांबून पुन्हा तीन. त्या थापांचा अर्थ जगात फक्त मला माहीत होता, आणि मी बायकोच्या हातातला चहा घेऊन बहिणीपुढे ठेवला.

बहीण बसून राहिली. तिनं चहा घेतला, पूर्ण प्यायली. कप विसळून पालथा ठेवला. आईच्या अंगावरची चादर नीट केली, तिचे पाय झाकले. "येते, आये," म्हणाली, आणि मला म्हणाली, "दादा, स्टँडवर सोड."

किन्हवलीच्या स्टँडवर मुरबाडची गाडी यायला वेळ होता. तिथं मला वाचा फुटली. मी सगळं सांगितलं. दवाखान्यातली बाई, मेंदूतल्या वेगवेगळ्या जागा, तीन महिन्यांच्या सकाळी, परवा तीनदा बरोबर आलेला शब्द. त्या थापा म्हणजे काय तेही सांगितलं. "तिला ते बोलायचंच नव्हतं गो," मी म्हटलं. "तिला दुसरं काय बोलताच येत नाय आता."

बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. रागावलेली नव्हती ती. पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली, "मला कळलं रे दादा तिच्याकडं बघून. पण तवा तिला बोलता येत होतं." गाडी वळणावर दिसली, तशी ती उठली. "आन् तुला पन."

गाडी गेल्यावर मी तिथंच बसून होतो. टपरीवाल्यानं चहा आणून दिला, तो गार झाला. घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अंगणातूनच आवाज ऐकू आला. बायको दारात उभी होती. म्हणाली, तुम्ही गेल्यापासून चाललंय, हाताची कातडी सोलली तरी थांबत नाहीत, तुम्हीच बघा.

मी खाटेवर बसलो. आईनं माझ्या मागे दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा तीनदा हात आपटला. मला तिचा तो हात सहन होईना. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरला आणि ती गप्प होईपर्यंत दाबून ठेवला.